मायचं मरण नटीच्या नावावर

बाबा, काल अकोल्यात तुमच्या तसबिरीला हार घालायला मला बोलावलं होतं. वाचनालयाच्या दालनात जुन्या लेखकांच्या तसबिरी आहेत, त्या रांगेत आता तुम्हीही आहात. काळी टोपी, गळ्याशी बंद कोट, हनुवटीखाली दोन बोटं. अध्यक्ष म्हणाले की कादंबऱ्या लिहून पुन्हा त्यांचे चित्रपट स्वतःच काढणारा असा माणूस वऱ्हाडात दुसरा झाला नाही, आणि वऱ्हाडातल्या मुक्या बाईला तुम्ही वाचा दिलीत. टाळ्या झाल्या. मी हार घातला, पायऱ्या उतरले आणि मागच्या अंगणातल्या नळावर जाऊन हात धुतले. चहाला थांबा, म्हणून एक तरुण प्राध्यापक मागे आला. त्याला वाटलं माझं मन भरून आलं आहे. हाराचा वास जाईना म्हणून मी पुन्हा हात धुतले. तुमच्या शेवटच्या वयापेक्षा आज माझं वय जास्त आहे. एवढ्या वर्षांत माणूस निवतो म्हणतात. मी निवले नाही. म्हणून आज सकाळपासून हे लिहीत बसले आहे. कुठल्या पेटीत टाकायचं नाही, कोणाला दाखवायचंही नाही.

माय मुकी नव्हती, बाबा. अमरावतीच्या त्या दोन खोल्यांच्या घरात दिवसभर जर काही ऐकू येत असेल तर तिचा आवाज. ती वलगावच्या माळ्याची लेक. मळ्यात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हाक मारायची सवय, त्यामुळे चुलीपाशी बसूनही ती मोटेवरच्या माणसाशी बोलावं तशी बोलायची. वांग्याशी बोलायची, न पेटणाऱ्या तुराट्यांशी भांडायची. तुम्हीही माळ्याचेच. तुमचे वडील अंजनगावच्या पानमळ्यात राबले आणि तुम्हाला शिकवलं. पण हायस्कुलात मास्तर झालात आणि तुम्ही पुण्याचं बोलू लागलात. संध्याकाळी शाळेतून येऊन तुम्ही उंबऱ्यात जोडे काढता, आणि आत न येताच तिचं बोलणं दुरुस्त करायला लागता. मले नाही, मला. काहून नाही, का. सांभार नाही, कोथिंबीर. ती परातीतलं पीठ मळत तुमच्यामागून म्हणते, “कोथिंबीर. कोथिंबीर. आता मंडईत जाऊन कोथिंबीर मांगतली तं बाया हासतीन ना जी मले.” मी हसते. तुम्ही हसत नाही. तुम्ही मला सांगता की हिला आई म्हणायचं, माय म्हणायचं नाही. तुमच्यासमोर मी आई म्हणत असे. तुम्ही गल्लीच्या वळणापार गेलात की माय.

आणि मग तुमची पहिली कादंबरी आली. मी तेव्हा अक्षरं जुळवून वाचण्याएवढी झाले होते. बाहेरच्या खोलीत तुमचे मास्तर मित्र जमले होते आणि तुम्ही मोठ्याने वाचत होतात. त्यातली माळीण नवऱ्याशी भांडते, वांग्याशी बोलते, तुराट्यांना शिव्या देते. पडद्याआड माय शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले. “पोट्टे, हे तं म्याच म्हणलं होतं,” ती माझ्या कानात म्हणाली आणि तोंडाला पदर लावून इतकी हसली की शेंगा सांडल्या. तिला त्याचं काही वाईट वाटलं नाही. मित्र गेल्यावर तिने तुम्हाला विचारलं, “अवो, तुमी मले कोथिंबीर म्हणायले लावता, अन् तिले सांभार म्हणू देता? हे कोणता न्याव?” तुम्ही पानं नीट लावत म्हणालात, “ती पात्र आहे. तू माझी बायको आहेस.” मुंबई-पुण्याच्या मासिकांनी तुमची पाठ थोपटली. कोणी लिहिलं की या लेखकाच्या कानाला काळ्या मातीची बोली अशी काही वश आहे की बस. तुम्ही तो अंक तिला वाचून दाखवलात. ती म्हणाली, “चांगलं हाये.” तिने म्हणायला हवं होतं की कान तुमचे असतील, तोंड माझं आहे. पण तिला हे सुचण्याएवढी ती तुमच्यावर रागावलेली नव्हती. राग मला आता येतो.

दुसऱ्या कादंबरीच्या वेळी ती हसली नाही. माझा धाकटा भाऊ पाळण्यातच गेला होता. त्याला मूठमाती देऊन तुम्ही परत आलात तेव्हा माय कोपऱ्यात बसून त्याच्या अंगड्याची नाडी बांधत होती, सोडत होती, पुन्हा बांधत होती, आणि त्याच्याशी काहीतरी बोलत होती. ते बोलणं मी इथे लिहिणार नाही. तुम्ही लिहिलंत. जसंच्या तसं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. म्हणजे त्या दिवशी तुम्ही दारात उभे होतात ते तिला आधार द्यायला नव्हे. तुम्ही ऐकून ठेवत होतात. ते प्रकरण वाचून बाया रडल्या म्हणे, तुम्हाला पत्रं आली. मायला कोणी शेजारणीने ते वाचून दाखवलं. त्यानंतर तिने तुमच्यादेखत त्या लेकराचा विषय काढला नाही. तुमच्यासमोर ती कमी बोलू लागली. माझ्याशी, भाजी घेऊन येणाऱ्या मामाशी, मंडईतल्या बायांशी पहिल्यासारखीच. तुमची चाहूल लागली की ती बोलता बोलता थांबायची आणि चुलीकडे वळायची. तुम्हाला वाटलं तिला अखेर वळण लागलं.

तिला खोकला लागला त्या वर्षी तुम्ही फ्रान्सचं वेड घेतलं होतं. कुठल्याशा इंग्रजी मासिकात तुम्ही वाचलं की फ्रान्सात एक कादंबरीकार आहे, तो आपल्या कादंबरीचा चित्रपट आपणच काढतो. पुस्तकही त्याचं, पडदाही त्याचा. तुमची झोप उडाली. जेवताना फ्रान्स, अंघोळीला जाताना फ्रान्स. त्याने पात्रं रस्त्यावरून उचलली, त्याने खऱ्या शेतात कॅमेरा नेला, त्याने रंगवलेले पडदे फेकून दिले. माय भिंतीला टेकून ऐकत असे. एकदा खोकल्याची ढास ओसरल्यावर तिने विचारलं, “त्या फ्रान्सवाल्याले बायको हाये का जी?” तुम्ही वैतागून म्हणालात, “असेल. त्याचा इथे काय संबंध?” ती म्हणाली, “काई नाई. आपलं इचारलं.”

डॉक्टरांनी क्षय म्हणून सांगितलं. आणि तुम्ही तिसरी कादंबरी लिहायला घेतलीत, तिच्यातली माळीण क्षयाने मरते. माय आत अंथरुणावर जिवंत होती आणि बाहेरच्या खोलीत तुम्ही तिला मारत होतात. शेवटचं प्रकरण तुम्ही मित्रांना वाचून दाखवलंत तेव्हा मध्ये तोच पडदा होता आणि पडद्याच्या अलीकडे ती. तिला सगळं ऐकू गेलं. श्वास कसा तुटतो, ओठ कसे सुकतात, मान दाराकडे कशी वळते. मित्र गेले. तुम्ही पाणी प्यायला आत आलात तेव्हा ती म्हणाली, “मरतेच का जी ते शेवटी?”

“हो. कथेची गरज आहे ती.”

“मंग तिच्या पोट्टीचं काय झालं? पोट्टीचं तं काईच नाई लिहलं तुमी.”

तुम्ही तांब्या खाली ठेवलात. मला अजून दिसतं, तुम्ही खरोखर विचार केलात. मग म्हणालात, “कादंबरी तिथे संपते.” आणि बाहेर गेलात. तिने मला जवळ ओढून घेतलं नाही, कारण डॉक्टरांनी मना केलं होतं. नुसती पाहत राहिली.

अकोल्याच्या कापसाच्या जीनवाल्या शेठजींना तुमच्या त्या कादंबरीचा चित्रपट काढायची हौस आली. मुंबईत बोलपट सुरू झाले होते, पण शेठजींच्या हौसेत मुका चित्रपटच बसत होता. अमरावतीच्या बाहेर एका बागेत तुम्ही काम मांडलंत. नाटक कंपनीतली एक गोरी, गोल चेहऱ्याची नटी आणली. ती वाईट नव्हती, मला तिने एकदा चिवडा दिला होता. पण तिला मरता येईना. तुम्ही घरी येऊन चरफडत होतात. डोळे मिटते आणि झोपल्यासारखी दिसते, गाल भरलेले, खोकते तर ठसका लागल्यासारखी. कितीही काजळ फासलं तरी हिचं तोंड सुकत नाही. हे सगळं तुम्ही मायच्या उशाशी बसून बोललात. बोलता बोलता थांबलात आणि तिच्या तोंडाकडे पाहत राहिलात. बायकोकडे नवरा असा पाहतो का, बाबा? मंडईत मामा वांगं उचलून उन्हाकडे धरून पाही, कीड आहे का म्हणून, तसे तुम्ही पाहत होतात.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळीच कॅमेरा आमच्या अंगणात आला. तीन पायांवरचं लाकडी खोकं, फिरवायला दांडा. चंदेरी कागद चिकटवलेल्या फळ्या ऊन परतवायला उभ्या केल्या. आतल्या अंधारात चित्र येत नाही म्हणून मायची बाज बाहेर काढायची होती. त्याच वेळी मामा वलगावहून भाजीची टोपली घेऊन आला. तो दर बाजाराला येई. त्याने विचारलं, “काय चालून राह्यलं इथी?” मायच म्हणाली, “फोटो काढून राह्यले माहा. हालता फोटो. होऊ दे. मी गेल्यावर पोट्टीले दिसन तरी.” मामाला ते पटलं. त्याने आणि कॅमेरावाल्याने मिळून बाज उचलली. ती इतकी हलकी झाली होती की मामाचं तोंड उतरलं. तुम्ही एक जांभळं लुगडं आणलंत आणि मला म्हणालात, आईला हे नेसव. नटी सिनेमात नेसत होती तेच. मी आणि मामाने पडदा धरला, शेजारणीने नेसवलं. मायने पदर नाकाशी नेला. “कोणाचं हाये व हे? अत्तराचा वास येऊन राह्यला.” शेजारणीने निऱ्या खोचल्या.

ऊन डोक्यावर येत होतं. कॅमेरावाला दांडा फिरवायला लागला. तुम्ही बाजेच्या बाजूला गुडघ्यावर बसून हळू आवाजात सांगत होतात, आता दाराकडे पाहा, आता हात सोड, आता श्वास धर. ती करत होती. तुमचं इतकं ऐकताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मग खोकला आला तो थांबेचना, आणि तुम्ही उभे राहून ओरडलात, “हेच! हेच पाहिजे!” लुगड्याच्या पदरावर लाल पडलं. मामा पुढे झाला, त्याला तुम्ही हाताने अडवलंत. खोकला थांबल्यावर तुम्ही म्हणालात, “मान पलीकडे गेली. पुन्हा घेऊ.” कॅमेरावाल्याने दांडा सोडला. तो मुंबईकडचा, फारसं बोलणारा नव्हता. “मास्तर, बाईंना सावलीत घ्या. मी आता नाही फिरवणार.” तुम्ही त्याला खांद्याने बाजूला सारलंत आणि दांडा स्वतः धरलात. एक डोळा मिटून, दुसरा त्या खोक्याला लावून तुम्ही म्हणालात, “हं. पाहा दाराकडे.” ती म्हणाली, “करा जी. पण लवकर करा. ऊन लागून राह्यलं.” आणि तिने दाराकडे पाहिलं.

त्याच आठवड्यात ती गेली. अंगणात नाही, आतल्या अंधाऱ्या खोलीत, तोंड भिंतीकडे करून. तुम्ही रडला नाहीत. लोक म्हणाले, मास्तरांचं मन घट्ट आहे. दहावं-तेरावं झालं आणि तुम्ही मुंबईला फिल्म धुवायला गेलात.

चित्रपट अकोल्यात लागला तो दिवस तुम्हाला आठवत असेलच, कारण तुम्ही तो पुढे प्रत्येक भाषणात सांगत असा. त्यातला एक भाग वगळून. मी आणि मामा अमरावतीहून निघालो, बडनेऱ्याला गाडी बदलली. मूर्तिजापुराला गाडी बराच वेळ थांबली तेव्हा मामाने मला पेरू घेऊन दिला. मामाने नवं पागोटं बांधलं होतं. बहीण दिसणार म्हणून तो निघाला होता, हे ध्यानात ठेवा. त्याला वाटलं होतं, पडद्यावर माय येईल, खाली तिचं नाव येईल, मास्तरांची बायको, वलगावच्या अमक्याची लेक. टिनाच्या शेडची टॉकीज. पुढे जमिनीवर गडी-माणसं, बाजूला कनातीआड बाया, मागे खुर्च्या. खुर्चीवर तुम्ही, शेठजी आणि एक गोरा अंमलदार. आम्ही पुढे जमिनीवर. पडद्याच्या खाली एक म्हातारा पेटी वाजवत होता.

नटी आली, विहिरीवर गेली, हसली, भांडली. तिचे ओठ हलत आणि मग काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत मायची वाक्यं येत. मला वाचता येत होतं. मी मामाला वाचून दाखवत होते आणि तो अंधारात मान हलवत होता, “हो, अशीच बोले ते.” मग नटी अंथरुणावर पडली. आणि एकदम, मध्ये काही न सांगता, तिच्या जागी माय. तेच जांभळं लुगडं, तोंड अर्धं वळलेलं, उन्हात. लोकांना कळलंच नाही. त्यांना वाटलं नटीचंच तोंड रंगवून ओढलं आहे. पेटीवाल्याने सूर लांबवला. माय खोकली. आवाज नाही. एवढी बडबडी बाई, आणि तिचा खोकलासुद्धा ऐकू येईना. मागे कोणीतरी म्हणालं, “वा! काय मरून राह्यली बे! खरी नटी हाये!” कोणी शिट्टी घातली. कनातीआडून हुंदके येत होते.

मामा उठला. मी त्याचं धोतर धरलं, त्याने सोडवून घेतलं. माणसांच्या पायांवरून, खांद्यांवरून तो पडद्यापाशी गेला आणि लोकांकडे वळून उभा राहिला. त्याच्या छातीवर मायचं तोंड पडलं होतं आणि हलत होतं. “हे नटी नोहे!” तो ओरडला. “हे माही बहीण हाये! मेली ते! खरंच मेली! बंद करा हे!” लोक चिडले. “बस ना बे खाली!” “दारू पिऊन आला काय?” त्याने पागोटं सोडलं आणि ते लांब कापड दोन हातांत पसरून पडद्यावर धरलं, तिला झाकायला. पडदा केवढा, कापड केवढं. जिथे तो झाकायचा तिथे कापडावरच ती दिसायची. लोक हसायला लागले, बाबा. आतापर्यंत रडत होते ते हसायला लागले.

शेठजींनी तुम्हाला विचारलं असणार, कारण मी वळून पाहिलं तेव्हा ते तुमच्याकडे वाकले होते. यंत्राच्या उजेडाची कड तुमच्या तोंडावर होती. तुम्ही उभे राहिलात. मला वाटलं तुम्ही आता सांगाल. तुमचा वर्गातला खणखणीत आवाज साऱ्या शेडमध्ये गेला, “कोणीतरी वेडा आहे. बाहेर काढा त्याला.” दारावरच्या दोघांनी त्याला बखोट्याला धरून ओढत नेलं. त्याने ओढाताण केली नाही. तो तुमच्याकडेच पाहत होता. मी रडत मागोमाग गेले. दारातून पुन्हा वळून पाहिलं तर तुम्ही खाली बसला होतात आणि पडद्याकडे पाहत होतात.

स्टेशनवर मामा बाकावर बसला, डोकं उघडं, पागोटं मांडीवर बोळा केलेलं. मी विचारलं, “मामा, लागलं का?” तो म्हणाला, “नाई. तुया बापानं मले वळखलं नाई व.” पुन्हा पुन्हा तेच. “तेरा वर्सं घरी भाजी नेली म्या. वळखलं नाई.” मी म्हणाले, मला घरी जायचं नाही.  आम्ही सरळ वलगावला गेलो. तुम्ही मला न्यायला आला नाहीत. निरोप पाठवलात की मुलीच्या शाळेची आबाळ होऊ देऊ नका. तेवढं मात्र मामाने पाळलं. पुढे मी ट्रेनिंग केलं आणि मास्तरीण झाले, ते मळ्यातल्या भाजीवर.

वर्तमानपत्रांनी त्या नटीचं कौतुक केलं. मरणाचा असा अभिनय इकडच्या पडद्यावर झाला नव्हता, असं कोणी लिहिलं. तिला त्यावर मुंबईला काम मिळालं. मला तिचा राग नाही, तिलाही ते कसं वाटलं असेल देव जाणे. तुमचं नाव झालं. तुम्ही नोकरी सोडलीत, बोलपट काढलात. आणि तो पडला. त्यानंतरच्या दोन कादंबऱ्याही पडल्या. मी त्या वाचल्या आहेत. त्यातल्या माळणी मले-तुले म्हणतात, पण त्या बोलत नाहीत, पुस्तकातलं म्हणून दाखवतात. टीकाकारांना उलगडा होईना की या लेखकाच्या भाषेला झालं काय. तुम्हालाही नाही झाला. घरात कोण होतं आणि कोण राहिलं नाही, एवढं साधं गणित कोणालाच करता आलं नाही.

तुम्हाला मात्र कुठेतरी जाणवलं असावं, कारण एका उन्हाळ्यात तुम्ही वलगावला आलात. इतक्या वर्षांनी. मामा बाजाराला गेला होता. मी सुट्टीत आलेली. मामी झेंडूच्या वाफ्यात फुलं तोडत होती. तिने तुम्हाला पाणी दिलं, बाज टाकून दिली, आणि पुन्हा कामाला लागून गड्यावर ओरडायला लागली. तुम्ही बाजेवर बसून खिशातून कागद-पेन्सिल काढलीत. मामीचं लक्ष गेलं. ओच्यातली फुलं तशीच धरून ती तुमच्यापुढे येऊन उभी राहिली.

“काय लिहून राह्यले जवाईबुवा?”

“काही नाही. टिपणं.”

“माहं बोलणं लिहून राह्यले का?”

तुम्ही हसलात. “तुमची बोली फार गोड आहे, वहिनी.”

“एका बाईले खाल्लं, पोट नाई भरलं काय?” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “उठा. बाज पायजे मले.”

तुम्ही उठलात. बांधावरून जाताना तुमच्या कोटाला मागे गवताची कुसळं चिकटली होती. मी दारातच होते. तुम्ही मला, “बरी आहेस ना?” विचारलंत आणि मी “हो” म्हणाले.

शेवटी तुम्ही माझ्याकडेच आलात. मी अकोल्यात शाळेवर होते, तुम्हाला दुसरं कोणी नव्हतं. मी तुमचं जेवणखाण केलं, औषधं दिली, तुमची धोतरं धुतली. लोकांना वाटलं लेकीने सगळं पोटात घातलं. मी काही घातलं नव्हतं. तुमचा भात वाढताना माझ्या हातावर काटा यायचा. कॉलेजच्या पोरांनी तुमचा सत्कार केला त्या दिवशी तुम्ही थरथरत्या आवाजात म्हणालात, “एका साध्या माळणीला मी अमर केलं.” मी पहिल्या रांगेत होते. तुम्ही हेही सांगायला हवं होतं, तिच्या अंगावरचं लुगडं कोणाचं होतं ते. घरी आल्यावर मी विचारलं, “मामाला वेडा का म्हणालात?” तुम्ही बराच वेळ आठवल्यासारखं केलंत. “चित्रपट चालू होता,” तुम्ही म्हणालात. “मध्येच थांबवता येत नाही.”

त्याच सुमारास तुम्हाला त्या मुक्या चित्रपटाच्या फिल्मचे डबे उघडायची इच्छा झाली. शेठजींच्या वारसांनी जीन विकताना ते तुमच्याकडे पाठवून दिले होते. खाटेखाली किती उन्हाळे काढले होते त्यांनी. मी सांडशीने झाकण उचकटलं आणि घाण सुटली, घामाची, सडक्या कातड्याची. आत फिल्म राहिली नव्हती, उष्णतेने कुजली होती. तपकिरी, मधासारखा चिकट गोळा होता आणि कडेने पिवळी भुकटी. दुसरा डबा तसाच. तिसरा तसाच. तुम्ही बोट घातलंत, ते चिकटलं. आणि तुम्ही रडलात. तोंड वेडंवाकडं करून, लहान पोरासारखे, “गेली, गेली” म्हणत. माय गेली तेव्हा न रडलेला माणूस डब्यापुढे रडत होता. मला इतकी किळस आली की मी डबे उचलून उकिरड्यावर टाकून आले आणि येताना मुद्दाम लांबच्या रस्त्याने आले. तुम्ही गेलात तेव्हा मी तुमच्या तोंडात पाणी घातलं. 

कालच्या सभेत तो प्राध्यापक म्हणत होता, त्या चित्रपटाच्या चित्रीकरणाची तुमची काही आठवण असेल तर सांगा. मी म्हणाले, मी लहान होते. लोकांनी पूर्वी कधी विचारलं तर मी एवढंच सांगत आले की मायचे हाल बघवेनात म्हणून मी त्या दिवशी परसात जाऊन रडत बसले. मामालाही मी तेच सांगितलं होतं. खरं असं आहे, बाबा, की हालत्या फोटोचं ऐकून मी भल्या सकाळी हिरवा परकर घातला होता, शेजारणीकडून वेणी घालून घेतली होती, तिच्यात अबोली माळली होती. बाजेच्या पायथ्याशी मी दोनदा येऊन उभी राहिले आणि दोनदा तुम्ही मला दंडाला धरून बाजूला केलंत. मी सगळं पाहत होते, पण माझा जीव मायकडे नव्हता. मला फोटोत घेतलं नाही म्हणून मी रडत होते.